डावा मागं हाय

हे खरं आहे. नसतं तर बरं झालं असतं, मला ते कुणाला सांगावं लागलं नसतं.

ज्यांना सांगणं भागच होतं त्या सोडून आजवर तिघांना सांगितलं. दोघांनी विषय बदलला. तिसरी माझी बायको मंजुषा. ती म्हणाली, "आधी झोप पूर्ण करा."

तिचंही बरोबर आहे. औंढ्याला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, विहिरीवरच्या मोटारी जळतात, आणि दुकानापुढं माणसं उभी राहतात. मार्च ते मे मी कधी झोपतो ते मलाच आठवत नाही.

पण त्या दिवशी मी पूर्ण जागा होतो.

अमावास्या नव्हती, रात्रही नव्हती. २१ एप्रिल २०२४, रविवार, दुपारचे साडेचार. जागा, सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याचा काठ. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि तिथं सपाट जमीन उघडी पडते. दूर रस्त्यावर निवडणुकीची रिक्षा ओरडत चालली होती.

माझ्या हातात रिमोट होता आणि पुढं जमिनीवर दोन इंजिनांचं विमान.

विमान म्हणजे खेळण्यातलंच, पण पंख साडेचार फुटांचे. ते मी आणि उत्तमसिंगकाकांनी मिळून बनवलं होतं. काका तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर होऊन धरणाजवळच्या आपल्या तांड्यावर राहायला आले. पंपाची मोटार दाखवायला म्हणून दुकानात आले, तर तिथं मी बनवलेलं एका इंजिनाचं विमान टांगलेलं. मोटार बाजूला राहिली. काका विमानाखालीच स्टूल घेऊन बसले.

"एकच इंजिन काहून?" म्हणाले. "एका बैलाची गाडी असती का?"

झालं. फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल आणला, बांबूच्या कामट्या तासल्या, फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डचे तुकडे घेतले. दोन छोट्या मोटारी पुण्याहून मागवल्या. पहिल्यांदा विमान नांगरासारखं मातीत घुसलं. मग आम्ही शेपटी लांब केली. पंख रुंद केले. चाकं पुढं घेतली. पाचव्या खेपेला ते उडालं. काकांनी नुसती मान हलवली, आणि घरी जाऊन म्हणे रात्रभर तेच सांगत बसले.

दोन मोटारींची एक तकलीफ असते. दोन्ही सारख्या फिरल्या पाहिजेत. एक मागं पडली की विमान त्या अंगाला वळतं आणि खाली येतं.

म्हणून उडवायच्या आधी काका विमानाच्या मागं बसायचे. उजवा गुडघा जमिनीवर, शेपटी दोन्ही हातांत. मी मोटारी पूर्ण वेगानं फिरवायचो. काका डोळे मिटून ऐकायचे आणि ऐकता ऐकता घशातल्या घशात तोच सूर धरायचे.

हंऽऽऽ...

दोन्हींचा सूर एक झाला की हात सोडायचे. नाही झाला तर काही केल्या सोडायचे नाहीत. "डावा मागं हाय," म्हणायचे. डावा म्हणजे डावा बैल. मी जाऊन बघायचो, तर डाव्या मोटारीतच काहीतरी निघायचं. तो कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

सूर जुळायच्या आधी त्यांनी एकदाच सोडलं.

एप्रिल २०२२. दोन रात्री मी दुकानात वायंडिंग करत जागा होतो. त्यातच विमानाला आणखी जोर यावा म्हणून, काकांना न विचारता, नऊ इंचाचे पंखे काढून दहाचे बसवले. मोठे पंखे जास्त करंट ओढतात. वायरीचा जोड कच्चा असला तर तापून सुटतो. डाव्या मोटारीचं सोल्डरिंग मी डोळे मिटत असताना केलं होतं.

काठावर मोटारी सुरू केल्या.

"डावा मागं हाय," काका म्हणाले.

"वारा उठायच्या आत एकदा फिरवून घेऊ, काका. सोडा."

"थांब जरा. बघू दे."

"सोडा म्हणतो ना."

मी त्यांच्याशी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हात सोडले.

विमान पाण्यावर गेलं आणि डावी मोटार थांबली. ते डावीकडं वळलं आणि काठापासून शंभर फुटांवर पडलं. थर्माकोल बुडत नाही. वाऱ्यानं तासाभरात आपोआप काठाला लागलं असतं. मी ते म्हणेपर्यंत काका शर्ट काढून पाण्यात उतरले होते.

मला पोहता येत नाही.

ते विमानापर्यंत पोचले. एका हातानं त्यांनी ते पाण्यावर उचलून धरलं. तिथं खाली जुनी बाभळीची खोडं आहेत, जाळ्यांचे तुकडे आहेत, गाळ आहे. पाय कशात अडकला ते कळलं नाही.

विमान वर राहिलं. हात खाली गेला.

लोकांनी विचारलं, कसं काय झालं? मी म्हणालो, "काकांनी जरा लवकर सोडलं."

एवढंच वाक्य. त्याला खोटंही म्हणता येत नाही. सोडलं त्यांनीच होतं. पण तांड्यावर तेच झालं, म्हाताऱ्याला घाई नडली. काकांची बायको, नानीकाकू, माझ्यासमोरच म्हणाल्या, "जन्मभर घाई केली न्हाई, अन् एका खेळण्यापायी केली." मी खाली बघत उभा राहिलो. मला लाज वाटत होती आणि दमही राहिला नव्हता.

दोन वर्षं विमान दुकानाच्या माळ्यावर पडून होतं. मग हट्टा गावच्या शाळेतल्या एका सरांनी ते पोरांना दाखवायला मागितलं. मला बरंच वाटलं. नजरेसमोरून तरी जाईल. सगळ्या वायरी नव्या टाकल्या, पंखे परत नऊचे लावले. देण्याआधी एकदा उडवून बघायला हवं होतं, आणि उडवण्याजोगी मोकळी जागा मला तीच एक माहीत होती.

म्हणून त्या रविवारी मी एकटा तिथं गेलो.

शेपटी धरायला कुणी नव्हतं. मी खुंटी ठोकली, दोरीनं शेपटी बांधली, सुरगाठ मारली आणि गाठीचं टोक हातात ठेवलं. ओढलं की शेपटी मोकळी.

मोटारी सुरू केल्या. पूर्ण वेग दिला. आवाज स्वच्छ, दोन्हींचा एक. टोक ओढलं. गाठ सुटली, दोरी मातीत पडली.

विमान जागचं हललं नाही.

वेग कमी केला. जवळ जाऊन बोटानं ढकललं. चाकं मोकळी होती, लोण्यासारखी फिरत होती. परत मागं आलो. परत पूर्ण वेग.

विमान थरथरत उभं. जागेवरच.

मग मी धूळ पाहिली.

पंख्यांमागं धुळीचे दोन लोट निघतात आणि शेपटीच्या मागं एकमेकांत मिसळतात. हे मी शंभरदा पाहिलंय. त्या दिवशी ते मिसळत नव्हते. शेपटीमागची हातभर जागा सोडून... धूळ दोन्ही बाजूंनी निघून जात होती.

मधे कुणी बसलं असलं की जाते, तशी.

मी मोटारी बंद केल्या. पंखे थांबले. रिक्षाचा आवाज केव्हाच गेला होता. पाखरू नाही, वारा नाही.

आणि तरी...

हंऽऽऽ...

घशातल्या घशात. हळू. मोटारीचाच सूर, मोटार नसताना.

किती वेळ, सांगता येत नाही. थांबला तेव्हा मी शेपटीजवळ गेलो. सगळीकडं जमीन भेगाळलेली, कोरडी ठणठणीत. पाणी दोनशे पावलं लांब. शेपटीमागं मातीत वाटीएवढा एक खळगा होता. गुडघ्याचा. एकाच गुडघ्याचा.

ओला होता.

मी पळालो नाही. पळायलाही अंगात काहीतरी लागतं. विमान पंखाला धरून उचललं आणि गाडीला बांधून घरी आलो. शेपटीला हात लावला नाही.

उन्हानं झालं असेल, असं आठवडाभर स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी परत गेलो. या खेपेला दोरी बांधलीच नाही. मोटारी सुरू केल्या, आणि विमान तसंच उभं राहिलं. मोकळं. धूळ तशीच दोन बाजूंनी.

"सोडा, काका," मी म्हणालो. दोन वर्षांनी तो शब्द तोंडातून काढला.

पाच मिनिटांत बॅटरी संपली. पंखे आपोआप थांबले.

काका मोटारींसाठी धरून बसले नव्हते. मोटारी बराबर होत्या. मागं पडलो होतो तो मी, खरं सांगायला.

तिथूनच तांड्यावर गेलो. नानीकाकू अंगणात हळकुंडं वाळत घालत होत्या. घरात काकांचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवरच ठेवलेला होता. खिळाही ठोकला नव्हता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते थांब म्हणाले होते. मीच सोडा म्हणालो. दोनदा म्हणालो. जोड माझा कच्चा होता.

काकू हळकुंडं पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी घाई केली न्हाई."

"नाही."

"दोन वर्षं मी त्यांच्यावर चिडून हाय. फोटोला हार घातला न्हाई. मनात म्हनायची, मला एकटीला टाकून गेले, खेळण्यासाठी." त्यांनी हाताची हळद लुगड्याला पुसली. "तुमी तवाच काहून न्हाई बोललात?"

मग जे काठावर पाहिलं होतं तेही सांगितलं. त्या हसतील किंवा शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "गुडघा उजवा का?"

"व्हय."

"चला."

गाडीवर मागं बसवून त्यांना काठावर नेलं. ऊन उतरायला लागलं होतं. दुसरी बॅटरी जोडली. मोटारी सुरू केल्या. विमान उभं. धूळ दोन बाजूंनी.

काकू शेपटीमागच्या त्या जागेकडं बघत होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. तांड्यावरच्या जुन्या बायका चारचौघांत नवरा समोर आला की ओढतात, तसा.

मी रिमोटवरचा वेग तसाच धरून ठेवला.

त्या जवळ गेल्या. वाकल्या. तांड्याच्या बोलीत हळू काहीतरी बोलल्या. दोन-तीन वाक्यं. मला त्यातलं काही कळलं नाही.

विमान सुटलं.

मी तयारही नव्हतो. वीस फूट धावलं आणि उचललं गेलं. पाण्यावर गेलं, वळलं, परत आलं. दोन्हींचा सूर एक. मी रडत होतो, तरी ते नीट उतरलं. कसं, ते माहीत नाही.

विमान गाडीला बांधलं आणि काकूंना म्हणालो, "बसा, सोडतो घरी."

त्या पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या. पदर अजून तसाच.

"तुमी व्हा पुढं," म्हणाल्या. "आमी दोघं चालत येतो."

मी गाडी सुरू केली. मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर सगळं मिटलं, असं सांगता आलं असतं तर चांगलं होतं. फोटो आता भिंतीवर आहे, त्याला हार असतो. तांड्यावर मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. दोघं-तिघं अजून बोलत नाहीत माझ्याशी, ते ठीक आहे. काकू बोलतात. गेलो की चहा देतात. अंगणातल्या बाजेवर बसायला सांगतात, पण पायथ्याच्या टोकाला मी बसायला गेलो की म्हणतात, "तिकडं नका. हिकडं बसा."

मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात निघताना त्यांनी मला थांबवलं.

"डावा मागं हाय, म्हणतात."

"काय?"

"मला काय कळतंय त्यातलं. सांगा म्हणाले, म्हणून सांगितलं."

विमान तेव्हा माझ्या दुकानाच्या माळ्यावर होतं, गोणपाटात गुंडाळलेलं. त्या दिवसानंतर मी ते उघडलं नव्हतं. दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं, विमान खाली घेतलं. डाव्या मोटारीची टेप सोडवली.

नव्या जोडाला केसाएवढी चीर होती. हात लावला आणि वायर हातात आली.

जोड मी परत केला. या वेळी आधी झोप काढली आणि मग केला. हट्ट्याच्या सरांचे दोनदा फोन येऊन गेले. काकांना न विचारता ते द्यायचं नाही, हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचत नाही. विमान अजून माझ्याकडंच आहे.