उशाशी बसलेले

शीतनिद्रेच्या जुन्या दालनात आता रायआवळ्याचे झाड होते. निजलेल्यांच्या पेट्या हलवल्यावर रिकाम्या जागेत कुणीतरी माती पसरली, बी टाकले, आणि 'शततारका' यानाच्या मंद पिवळ्या उजेडात ते आपले मजेत वाढले. डॉ. सुनेत्रा कारखानीस यांनी आपली निद्राप्रयोगशाळा मुद्दाम तिथेच थाटली होती. याच कोपऱ्यात त्या स्वतः दीडशे वर्षे झोपल्या होत्या.

बाहेर सार्वमताचा गलबला होता. वाद एका वाक्याचा. यान पृथ्वीवरून निघाले तेव्हाच्या सनदेत पहिलेच कलम होते: 'प्रवासकाळात यान निर्मनुष्य समजावे.' सनद लिहिणारे शीतनिद्रेत जाणार होते. यान चालवायला घेतलेली माणसे त्यांनी यंत्रसामग्रीत धरली. त्या माणसांच्या पिढ्यान् पिढ्या यानातच जन्मल्या आणि यानातच संपल्या. त्यांचे वंशज स्वतःला 'जागे' म्हणत. आता नवा ग्रह खाली दिसत होता. तो राहण्याजोगा होईपर्यंत निजलेले उठून यानातच राहत होते, आणि संख्येने जाग्यांच्या कितीतरी पट होते. जुने वाक्य खोडून 'प्रवासकाळात इथे माणसे राहत होती, ती या यानाची मूळ रहिवासी' असे लिहायचे का, यावर उद्या मतदान होते.

"एवढंसं वाक्य," सुनेत्राबाई म्हणाल्या. "त्यासाठी किती धुरळा!"

"बाई, त्या निर्मनुष्य ठिकाणी माझे आजोबा वारले," सोनबा पहारे म्हणाला. तो मेंदूविज्ञानातला त्यांचा सहकारी, जाग्यांपैकी. "खाली उतरल्यावर जमीन सनदेप्रमाणे वाटणार. सनदेत आम्ही पंपांच्या ओळीत आहोत."

 सुनेत्राबाईंनी आवाज उतरवला. निजलेल्यांच्या पृथ्वीवरच्या आठवणी दोघे वर्षभर तपासत होते, आणि त्यात बाईंना एक खटकले होते.

"माझ्या लहानपणी अंगणात असंच झाड होतं. वडील फांदी हलवायचे, मी फ्रॉक पसरून उभी. ते म्हणायचे, 'थोडी मागं सर.' मागे सरले की आवळे बरोबर फ्रॉकमध्ये."

"मग?"

"पृथ्वीवर फळ सरळ पडतं, सोनबा. वाकडं पडतं ते इथं. यान स्वतःभोवती फिरतं म्हणून आपल्याला वजन आहे. फळ सुटून खाली येईतो जमीन थोडी पुढे गेलेली असते, म्हणून ते मागे पडतं. उठल्यापासून आम्ही हेच बघतोय, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तपासलेल्या प्रत्येक आठवणीत वस्तू मागे पडतात. चेंडू, नारळ, हातातून सुटलेली वाटी. हे आलं कुठून?"



"शीतनिद्रेत मेंदू झिजतो," सोनबा म्हणाला. "स्वप्नं पडली नाहीत तर आठवणी पुसल्या जातात, आणि मग माणूस उठतच नाही. म्हणून स्वप्नपोषण. तुमच्या आठवणी तुमच्याकडूनच वदवून ठेवल्या होत्या, यंत्र त्या कानाशी वाजवायचं. पुढे ते यंत्र बंद पडलं."

"मग आम्ही जगलो कसे?"

"आमची माणसं उशाशी बसली. कुणाच्या उशाशी कुणी बसायचं, ते घराघराला वाटून दिलं. बापानं लेकाला सांगायचं, लेकानं तुमच्या कानात. पृथ्वी पाहिलेला कुणी उरला नव्हता. फळ जसं पडताना त्यांनी पाहिलं, तसंच त्यांनी सांगितलं."

"म्हणजे माझे वडील..."

"झाड तुमचंच. 'मागं सर' मात्र आमच्या आजोबांचं असणार. तुमची उशी आमच्या घराकडे होती."

सुनेत्राबाईंना भरून आले. वडिलांचे तेवढेच एक वाक्य त्यांच्याजवळ उरले होते. ते दुसऱ्याचे निघाले, तरी त्यांना ते टाकवेना.

"हे उद्या सभेत सांग. सगळे हो म्हणतील."

"नाही. झोपेत दिलेलं जागेपणी मागायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. आणि उपकार फेडायला लिहिलेलं नाव काय करायचं? आम्ही होतो म्हणून लिहा. तुम्हीही सांगणार नाही, शब्द द्या."

त्यांनी जड मनाने शब्द दिला.

मतदानाच्या दिवशी सकाळी शेवटची सभा भरली. जाग्यांची तरुण मंडळी निजलेल्यांना आयत्या बिळावरचे नागोबा म्हणत होती. मालक झोपला म्हणून राखणदाराचे घर होते काय, असे निजलेले विचारत होते. दोघांचेही थोडे थोडे खरे होते, आणि सार्वमतात नेमकी हीच पंचाईत असते.

'नाही' म्हणणाऱ्यांचे पुढारी विश्वंभर राजाध्यक्ष बोलायला उभे राहिले. यानाची फिरकी ज्यांनी आखली तेच हे अभियंते. माणूस सरळ, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटावेत.

"मी पूर्वजांच्या नावानं बोलत नाही. मी स्वतः पृथ्वीवरून चढलो. अजून आमच्या गावची विहीर दिसते. मधोमध दगड सोडायचा, तो कडेला टक् करून वाजायचा, मग डुबुक. ते बालपण हीच माझी सनद. मधला काळ म्हणजे रिकामी रात्र. रिकाम्या रात्रीला नाव कशाला द्यायचं?"

निजलेल्यांनी मिटल्या डोळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या मनात कुठली ना कुठली विहीर होती. सुनेत्राबाई उभ्या राहिल्या. न सांगण्याचा शब्द त्यांनी दिला होता, न विचारण्याचा नव्हे.

"दगड कुठल्या कडेला वाजायचा?"

"मागच्या," राजाध्यक्ष हसून म्हणाले. "कितीही मधोमध सोडा, नेहमी माग..."

ते थांबले. पुढचे गणित त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हातातले पेन समोर धरले आणि सोडले. ते थोडे मागे पडले. सभा त्या पेनाकडे पाहत राहिली.

"ही विहीर मला कुणी दाखवली?" त्यांनी जाग्यांच्या बाजूला बघून हळूच विचारले.

 सगळ्या जाग्यांनी नजरा खाली वळवल्या. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने तेवढे डोळ्यांना पदर लावला.

"तेव्हा इथं कुणीच नव्हतं असं मी आत्ताच म्हणालो," राजाध्यक्ष म्हणाले. "ते खरं असेल, तर त्या विहिरीच्या काठावर मीही नव्हतो." आणि भाषण अर्धे टाकून ते खाली बसले.

नवे वाक्य थोडक्या मतांनी मंजूर झाले. पुढाऱ्यांचे भाषण का अडले, हे किती जणांना उमगले कोण जाणे.

संध्याकाळी सुनेत्राबाई दालनात आल्या. सोनबाने रायआवळ्याची फांदी धरली. बाईंनी पदर पसरला आणि पृथ्वीवर उभे राहावे तशा अगदी फांदीखाली उभ्या राहिल्या.

"थोडी मागं सर," सोनबा म्हणाला. एरवी तो त्यांना अहोजाहो करी, पण त्याच्या ते ध्यानातही आले नाही.

सुनेत्राबाई मागे सरल्या.