चौथ्या टाकीतलं तपकिरी शेवाळ

प्रवाळ-संगोपन केंद्राच्या चौथ्या टाकीच्या काचेवर बुधवारी सकाळी पुन्हा शेवाळ आलं. या खेपेला तपकिरी, बुळबुळीत, टोकाटोकाला बुडबुडे धरलेलं. डॉ. यशोधरा कांबळीने ते पाहिलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. आणि शुक्रवार परवावर आलेला!

शुक्रवारी या टाकीतली अकरा प्रवाळं मालवणच्या समुद्रात परत जाणार होती. बारा वर्षांपूर्वी उष्णतेच्या लाटेत तिथलं सगळं प्रवाळ पांढरं पडून मेलं. ही अकरा तेवढी आधीच काढून आणलेली, म्हणून वाचली. आपल्या जातीतली शेवटची, असं केंद्राच्या पाटीवरच लिहिलं होतं. यशोधराने टाकीचं पाणी दरवर्षी किंचित किंचित तापवत त्यांना उष्णता सोसायला शिकवलं होतं. त्यापायी तिने स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं, आणि तिसऱ्यांदा नवऱ्या मुलानेच नाद सोडला. पण समुद्रात सोडायची परवानगी देणाऱ्या समितीचा नियम कडक होता: टाकीत उपरं शेवाळ दिसलं, की प्रवाळ समुद्रात जाणार नाही.

"आधी हिरवे केस, मग लाल साय, आता हे!" संचालक डॉ. नेरूरकर काचेला नाक लावून म्हणाले. "पाण्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. हे खातंय तरी काय, दगड?"

"सर, शून्य आहे म्हणूनच आलंय. हिरवं मारलं, जागा रिकामी झाली, लाल आलं. लाल मारलं, तर आता उपाशीपोटी तगणारं आलं."

"एष्टीत रिकामी सीट कोण सोडता काय?" मागून बाबल तांडेल म्हणाला. टाक्या घासण्याचं काम त्याच्याकडे. केंद्र उघडल्या दिवसापासूनचा माणूस, त्याआधी तीस वर्षं होडीवर. दर बुधवारी काच खरवडायची, तुटलेले तुकडे आणि खरवड बादलीत गोळा करायची, नियमाप्रमाणे उकळून टाकायची आणि रजिस्टरात 'उकळले' असं लिहायचं, हे त्याचं काम.

"मग उपाय काय?" नेरूरकरांनी विचारलं.

"पाण्यात थोडं खाणं सोडायचं. हिरवं पुन्हा येऊ द्यायचं. ते तपकिरीला हुसकावेल. तीन आठवडे लागतील," यशोधरा म्हणाली.

"तीन आठवडे! समितीला काय तोवर सोलकढी पाजत बसू?"

 खरं सांगायचं तर तीन आठवड्यांचा धीर यशोधराकडेही उरला नव्हता. मग उपाय उरला एकच: लक्ष्यवेधी विषाणू. त्याचं काम सोपं होतं. जनुकवाचक यंत्रात शेवाळाचा थेंब ठेवायचा. यंत्र त्याची जनुकं वाचणार आणि ती राखीव यादीशी ताडून पाहणार. ज्यांना मारायचं नाही अशा सगळ्यांची नोंद त्या यादीत होती. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सोबती-शैवालाचीही. यादीत नाव नसेल, तर यंत्र तासाभरात फक्त त्या एका जातीला मारणारा विषाणू विणून देई. शिकार मिळेल तोवर तो वाढे. शिकार संपली की आपसूक संपे. बाकी कोणाच्या केसालाही धक्का नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली थेंब आधी आपल्या डोळ्यांनी बघायचा, ही जुनी शिस्त. यशोधराने काचपट्टी तयारही केली. तेवढ्यात यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली: 'अनोळखी. मारायचं?' तिने काचपट्टी बाजूला सरकवली आणि 'हो' दाबलं.

दहा वाजता मात्रा टाकीत गेली. साडेअकरापर्यंत शेवाळ सुटून लोंबू लागलं. बाराच्या सुमारास बाबलने काच खरवडली, बादली भरली आणि तो निघून गेला. काच अशी लखलखीत, की नेरूरकरांनी समितीला फोनच लावला.

तीन वाजता यशोधराला प्रवाळाच्या फांद्यांची टोकं फिकी दिसली. दिव्याचा खेळ असेल म्हणून तिने दिवा बदलून पाहिला. टोकं फिकीच होती.  सकाळची काचपट्टी अजून टेबलावर पडली होती. ती तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

गोल, सोनेरी-तपकिरी पेशी. पंधरा वर्षं ती या पेशी बघत आली होती.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "हे उपरं नाही. हे आपलंच आहे. प्रवाळातलं सोबती-शैवाल."

"शक्य नाही. ते राखीव यादीत आहे."

"यादीतली नोंद अकरा वर्षांपूर्वीची. आपण पाणी तापवत गेलो आणि ते बदलत गेलं. बदललं म्हणून तर प्रवाळ तगलं! प्रवाळ जादा सोबत्यांना बाहेर सोडत असतं; रिकामी काच मिळाली, तिथे ते बसले. आपण यंत्राला अकरा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला आणि घरच्याच माणसाला चोर ठरवलं." तिला रडू फुटलं. "मी बघितलं नाही हो, सर. पट्टी हाताशी होती, आणि मी बघितलं नाही!"

नेरूरकर खुर्चीत बसले ते बसलेच. टाकीतली अकराही प्रवाळं आता संध्याकाळ बघणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. शेवटची अकरा.

दारात बाबल उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाय, रडा नको," तो म्हणाला. "ही शेवटची न्हय. भायर आसत."

"कुठे बाहेर?"

"खडपातल्या डबक्यात. माका कधी ता उकळूक जमला नाय. जिती वस्तू ती! दर्याचा ता दर्याक, असा बापाशीन शिकवलेला. दर बुधवारी ओहोटीक बादली थयच रिकामी केलंय. तुकडे रुजले. लाटांनी फुडे नेले, दीपस्तंभाच्या मागे पण झाले. तपकिरी, झ्याक."

यशोधरा त्याच्याकडे बघतच राहिली. अकरा वर्षं हा माणूस रजिस्टरात धडधडीत खोटं लिहीत होता, आणि त्या खोट्यामुळे समुद्रात प्रवाळ जगलं होतं! तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. आणि पुढच्याच क्षणी तिला सकाळची मात्रा आठवली.

"बाबलकाका, आजची बादली?"

बाबलने दाराबाहेर किनाऱ्याकडे बोट केलं.

"थयच," तो म्हणाला.

ती धावत सुटली. जाताना कोठीतला ब्लीचिंग पावडरचा मोठा डबा तिने उचलला. मागून बाबल धापा टाकत आला. किनाऱ्यावरच्या खडकांतलं ते डबकं हातभर खोल, खोलीएवढं रुंद, आणि तळ प्रवाळाने गच्च भरलेला. अशी भरगच्च वाढ तिने टाकीत कधी पाहिली नव्हती. एका कडेची टोकं मात्र फिकी पडू लागली होती.

भरती चढत होती. समुद्राचं पाणी डबक्याच्या काठापासून वीतभर खाली होतं. ते आत आलं, की विषाणू बाहेर जाणार. आणि शिकार मिळेल तोवर तो थांबणार नव्हता. दीपस्तंभापर्यंत शिकार पसरलेली होती.

"ह्या पावडरीन इषाणू मरतलो?" बाबलने विचारलं.

"मरेल."

"आणि ही?"

"ही पण."

बाबल डबक्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातून डबा घेतला.

"मीच लावलंय ही," तो म्हणाला. "माकाच करूक दे."

त्याने सगळा डबा रिकामा केला आणि वल्ह्याच्या तुटक्या दांड्याने पाणी ढवळलं. डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. दहा मिनिटांनी पहिली लाट काठावरून आत आली. दोघंही पांढऱ्या फांद्यांकडे बघत उभी होती. 

"रजिष्टरात काय लिवू?" शेवटी बाबलने विचारलं.

"आज काही लिहू नका. खरं लिहिलंत, तर समिती दीपस्तंभामागचा थेंब त्या यंत्रात घालेल, आणि यंत्र पुन्हा विचारेल, 'अनोळखी. मारायचं?' आधी या बदललेल्या शैवालाचं नाव यादीत घालायला हवं." तिने ओढणीने डोळे पुसले. "उद्या सकाळी मला होडीने तिकडे न्या. सूक्ष्मदर्शक बरोबर घेते."