पतंगवाल्यांची शेवटची रेकॉर्ड

"सांभाळून! ती माझी आहे."

"तुमची कशी? आजपासून माझी."

निंगप्पाकाकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एका रेकॉर्डची एक कड माझ्या हातात होती आणि दुसरी एका अनोळखी तरुणाच्या. दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नव्हतं. तो रेकॉर्डकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग त्यानं मान वर केली आणि मी घाईघाईनं रेकॉर्डकडे बघायला लागले…

"हळू की!" काका काउंटरमागून ओरडले. "साऱ्या सोलापुरात एकच हाय ती. मोडली तर दोघांनाबी गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याला उलटं टांगीन!"

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता माझी बोटं सुटली.

"हा महादेवप्पा," काका म्हणाले. "भवानी पेठेतला. आणि ही रुद्राणी, रेल्वे लाइन्सची. पहिलीच्या पोरांना शिकवती."

"अप्पा?" मी म्हटलं. "एवढे म्हातारे दिसत तर नाही."

"रुद्राणी?" तो म्हणाला. "एवढ्या रागीट… दिसता की."

सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर होता. विलायतेत कॉपर काइट्स नावाचा एक जुना रॉक बँड होता. आमच्या टोळक्यात त्यांना सगळे पतंगवालेच म्हणत. पंधरा-सोळा वर्षं गाऊन त्यांनी जाहीर केलं होतं की ही आमची शेवटची रेकॉर्ड, यापुढे गिटारी खुंटीला. काकांच्या मुंबईच्या भाच्यानं तिची एक प्रत धाडली होती. ती कुणी ठेवायची यावरून भांडणं नकोत म्हणून काकांनी नियम केला होता. प्रत्येकानं ती आठवडाभर घरी न्यायची, मनसोक्त ऐकायची, आणि सगळ्यांची झाली की दुकानात बसून आपापलं मत सांगायचं.

माझा आठवडा संपला होता. त्याचा सुरू होत होता.

"कशी आहे?" त्यानं रेकॉर्ड छातीशी धरत विचारलं.

"सांगणार नाही. पण ऐकताना खुर्चीवर बसू नका… राहवणार नाही."

पुढच्या रविवारी दुकानात बैठक भरली. काकांनी चहा मागवला, शेंगा भाजून आणल्या, आणि पहिल्या घोटातच भांडण पेटलं.

"झकास!" सात रस्त्याजवळ राहणारा भीमा टपाल कचेरीत कारकून होता. तो म्हणाला, "निरोप घ्यावा तर असा. नाचत, गात! मी तर जेवता जेवता उठलो."

"कुठली रेकॉर्ड ऐकलीस रे?" तिप्पण्णा म्हणाला. तो भवानी पेठेत महादेवप्पाच्या घरामागच्याच गल्लीत राहायचा. "लई थकलेत बिचारे. आवाज बसलाय. मला तर त्यांना हळदीचं दूध पाजावं वाटलं."

"कान धुऊन ये."

"तू मन धुऊन ये!"

काका शेंगा सोलत मजा बघत होते. शेवटी सगळे शेवटच्या गाण्यावर आले. गाणं होतं शेवटच्या बसचं. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धंच कळायचं, उरलेला अर्थ आवाजावरून लावायचा.

"गाणारा फाट्यावर उभा आहे," महादेव हळूच म्हणाला. "बस निघून गेलीय. आता कुणाला हाक मारून उपयोग नाही. गपचूप चालत जायचं…"

"काहीतरीच!" मी म्हटलं. "तो बसमध्ये आहे, आणि दारातून हाका मारतोय. चल लवकर, तुझ्यासाठी जागा धरलीय!"

"एवढ्या उदास आवाजात कुणी जागा धरतं का?"

"उदास? मी ते गाणं म्हणते तेव्हा माझी पहिलीची पोरं टाळ्या वाजवत वर्गात फिरतात!"

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या गालांना उगाच ऊन लागल्यासारखं झालं.

बैठक मोडल्यावर तो माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. थंडीची संध्याकाळ होती. कोपऱ्यावर कुणीतरी हुरडा भाजत होतं, आणि त्याचा गोडसर धूर आमच्याआधीच वळणावर पोचला होता.

"संक्रांत झाली की मी करमाळ्याला जाणार," तो म्हणाला. "बँकेत लागलोय."

"अरे वा!"

"वा काय… नवं गाव. तिथं ना पतंगवाले, ना काकांचं दुकान. ना… भांडायला कुणी."

"भांडायला माणसं सगळीकडे मिळतात."

"अशी नाही मिळत."

तो थांबला. मीही थांबले. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, अगदी दिसत होतं मला… आणि मग त्यानं ते गिळलं.

"जाऊ दे. त्या गाण्यासारखं आहे. बस निघाल्यावर हाक मारू नये."

घरी जाताना मला त्या पतंगवाल्यांचा, बसचा आणि इंग्रजी भाषेचा सपाटून राग आला. एका गाण्याच्या अर्थापायी हा शहाणा माणूस गप्प राहणार, आणि करमाळ्याला निघून जाणार!

मार्ग काकांनीच काढला. "भांडान मिटलं न्हाय तुमचं. तू जा त्येच्या घरी आणि संगट ऐका. काशम्मावैनी शेंगापोळ्या करनार हायत, मी तुज्या आईला सांगतो."

म्हणून मी भवानी पेठेत गेले. घराच्या चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. महादेवाच्या आईनं, काशम्मांनी, दारातच माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"बा यव्वा, ये पोरी. हा म्हणाला भांडकुदळ आहे. मला तर गोड दिसतीय."

"आई!" महादेवाचे कान लाल झाले.

त्यानं सुई रेकॉर्डवर टेकवली. शेवटचं गाणं सुरू झालं आणि मी पोळीचा घास तसाच हातात धरून बसले.

गाणं उदास होतं… खरंच उदास होतं! जड आवाज, ओढत नेलेले सूर. जणू चिखलातून कुणी घराकडे निघालंय. मग मी आठवडाभर ऐकलं ते काय होतं?

नकळत माझे तळहात पोरांची टाळी वाजवायला लागले. एक-दोन, एक-दोन-तीन. पण टाळी पुढे गेली आणि गाणं मागे राहिलं. पुन्हा धरली, तर गाणं पुन्हा मागे. शाळा सुटल्यावर दमलेलं पोर आईच्या पदराला लोंबकळत येतं ना, अगदी तसं.

मी वर बघितलं. दिवा मंद, पिवळट, पिकल्या लिंबासारखा.

"मावशी, दिवा नेहमी असाच असतो?"

"माग चालू असले की असाच. पंखासुद्धा म्हातारा होतो उन्हाळ्यात."

आता मला कळलं! आजूबाजूचे माग सगळी वीज ओढून घेत होते. उरल्यासुरल्या विजेवर महादेवाच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर रेंगाळत होती. रेकॉर्ड हळू फिरली की गाणं लांबतं आणि आवाजही खाली उतरतो. पतंगवाले थकले नव्हते, भवानी पेठेतली वीज थकली होती! तिप्पण्णाचं मत तसं का आणि भीमाचं असं का, तेही उलगडलं.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं… आणि मिटलं. मुलांना उत्तर सांगून टाकलं की ती विसरतात. स्वतः शोधलेलं कधी विसरत नाहीत.

"इथले माग सगळे एकदम कधी थांबतात हो?" मी विचारलं.

"सगळे?" महादेव म्हणाला. "एका गल्लीची सुट्टी सोमवारी, दुसरीची शुक्रवारी. एकदम थांबतात ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी, अक्षतेला. का?"

"मग त्या दिवशी हे गाणं पुन्हा ऐका."

"अक्षतेला घरात बसू? सिद्धरामेश्वराचं लग्न सोडून? आई काठी घेईल."

"ऐका तरी. नंतरही उदास वाटलं… तर खुशाल गपचूप जा करमाळ्याला."

यावर तो हसला नाही. मीही नाही.

अक्षतेच्या दिवशी सगळं सोलापूर देवळाजवळच्या संमती कट्ट्याकडे लोटलं होतं. पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, उंच नंदीध्वज, आणि प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. मी आईबरोबर उभी होते, पण मान सारखी मागे वळत होती. भीमा दिसला, तिप्पण्णा दिसला, काका दिसले, काशम्मासुद्धा दिसल्या. तो नव्हता.

"मान मोडेल," आई म्हणाली. "देव पुढं आहे."

मंत्र झाले. हजारो हात उठले आणि अक्षतांचा पाऊस पडला. माझ्या केसांत, खांद्यांवर, पापण्यांवर तांदूळच तांदूळ… आणि तरी आत काहीतरी कोरडंच राहिलं. गर्दी पांगायला लागली. ऐकलं असेल का त्यानं? आणि ऐकूनही उदासच वाटलं असेल तर?

"रुद्राणी!"

भर गर्दीत, सगळ्यांसमोर कुणी अशी हाक मारतं का? तो धावत येत होता. बाराबंदीचे बंद सुटलेले, कपाळाचं भस्म घामानं ओघळलेलं, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"लग्न चुकलं तुमचं," मी म्हटलं. मी केसांतले तांदूळ झटकत राहिले.

"तीनदा ऐकलं!" तो धापा टाकत म्हणाला. "दिवा पांढरा पडला होता. आणि तो… तो खरंच बसमध्ये आहे! दारातून हाका मारतोय! मी खुर्चीवर बसू शकलो नाही."

"सांगितलं होतं."

"मला वाटायचं बस गेली."

"आणि आता?"

"आता…" त्यानं एक श्वास घेतला. "आता मी पण हाक मारतोय. परवाच्या करमाळ्याच्या गाडीत रुमाल टाकून एकच जागा धरीन. पण पुढच्या वर्षी मला दोन धरायच्यात. एक तुझ्यासाठी. येशील?"

तुम्ही गेलं, तू आलं. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"पुढच्या वर्षी?" मी म्हटलं. "तुमची रेकॉर्ड अजून हळूच फिरतेय की!"

तो आधी गोंधळला, मग असा हसला की पुढे चाललेल्या काशम्मांनी वळून बघितलं. त्या माझ्या आईच्या कानाशी लागून काहीतरी बोलायला लागल्या, आणि आई, जी मघाशी देवाकडे बघ म्हणत होती, ती आता आमच्याचकडे टक लावून बघत होती.

महादेवानं मूठ उघडली. घामेजल्या तळहातावर अक्षता तशाच होत्या.

"सगळ्यांनी टाकल्या, माझ्या राहिल्या," तो म्हणाला. "आता ह्यांचं काय करू?"

मी त्याच्या खिशातला रुमाल ओढून काढला, अक्षता त्यात ओतल्या आणि पक्की गाठ मारून रुमाल त्याच्या हातात ठेवला.

"जपून ठेवा. लागतील."