अडगळीच्या खोलीचं दार

दुपारी फ्रेमवाला यायचा होता, म्हणून चित्रकारणीने सकाळीच चित्रं भिंतीला टेकवून ठेवली. नऊ चित्रं, सगळी लहानपणाची. घरात आईची भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरीच, अशा ओढाताणीत गेलेलं लहानपण. दप्तर, डबा, वर्गातली टिंगल, सगळं त्यात होतं. फक्त बुटकी नव्हती.

बुटकी म्हणजे वर्गातली तिच्याच भाषेची एकुलती मैत्रीण. शाळेत घरची भाषा बोलायला बंदी. तरी बुटकी मधल्या सुट्टीत तिच्या कानाशी लागायची, आणि हिला तर बाकीच्या मुलींच्यात बसायचं होतं. एका शुक्रवारी हिने वर्गशिक्षिकेला नाव सांगितलं. शिक्षिकेने बुटकीला अडगळीच्या खोलीत कोंडलं आणि विसरून घरी गेली. ही विसरली नव्हती. पण शोधाशोध झाली तरी हिने तोंड उघडलं नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा बुटकी गेलेली होती. आता ती कुणाशीच बोलणार नव्हती.

नववं चित्र शाळेच्या व्हरांड्याचं, टोकाला ते दार. तिने बंद रंगवलेलं. रोज सकाळी ते बोटभर किलकिलं दिसायचं. रोज ती ते रंगाने पुन्हा बंद करायची.

फ्रेमवाल्याने ते उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"ताई, यामागे कोणी आहे का?"

"भिंत आहे."

"नाही... कोणीतरी पुटपुटतंय." त्याने ऐकलेले आवाज अडखळत जुळवले. "उघड ना गं... तहान लागलीय..." अर्थ त्याला कळला नव्हता, तिला कळला. "तुमच्याकडची भाषा आहे का ही?"

तिने ब्रश पुसला. "मला ती भाषा येत नाही."

तो चित्रं घेऊन गेला. त्याची गाडी लांब गेल्यावर तिच्या खोलीचं दार आपोआप लागलं, आणि बाहेरून कडी सरकली. खोलीत ओल्या खडूंचा, उंदरांचा वास दाटला.

जिन्यात शेजारणीची पावलं वाजली. चित्रकारीण दारावर मुठी आपटू लागली. चाळीस वर्षं बोललेली बाहेरची भाषा... एक शब्द सापडेना. तोंडातून येत होती ती आईची.

"कोण ओरडतंय? काय म्हणतेय, काही कळत नाही." शेजारीण दाराबाहेर थांबली.

दाराबाहेर, कडीला लागूनच, एका लहान मुलीचा आवाज आला. बाहेरची भाषा, अगदी सफाईदार.

"आई आहे माझी, काकू. तिला बरं नाही. ती असंच काहीबाही बोलते."

"हो का? गुणाची गं बाई तू."

पावलं जिना उतरून गेली.

चित्रकारणीला मूलबाळ नव्हतं. शेजारणीला ते चांगलं ठाऊक होतं. तरी तिने कडी काढली नाही.