उसने डोळे

झोप न येणाऱ्या माणसांचे फोटो काढायचं खूळ उत्कर्षाच्या डोक्यात शिरलं, तेव्हा आई म्हणाली होती, "लग्नाच्या ऑर्डरी सोडून हे कुठलं रिकामपण?" पण अकरा जण झाले, प्रदर्शनाची तारीखही ठरली. बारावे होते रंगराव. मार्केट यार्डातले निवृत्त हमाल, राहायला धायरीत, आणि सात वर्षं डोळ्याला डोळा नाही.

"झोप न्हाई त्याचा फोटू काढून काय लोनचं घालायचं?" त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी, दारातच विचारलं. चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

उत्कर्षाची एक पद्धत होती. आधी ती स्वतः त्या खुर्चीत बसून एक फोटो काढायची, उजेड नीट पडतोय का ते बघायला. मग समोरच्याला बसवायची. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. रंगराव बसले, लाल, ताणलेले डोळे लेन्सवर रोखले आणि चोवीस फोटो होईपर्यंत हलवले नाहीत.

घरी येऊन तिने ते कॉम्प्युटरवर उघडले. चोवीसच्या चोवीस फोटोंत रंगरावांचे डोळे मिटलेले होते.

कॅमेरा ठीक होता. शर्टाची तुटकी गुंडीसुद्धा स्पष्ट आली होती. पण परत जायचं म्हणजे त्या बाईच्या तोंडी लागायचं, नको रे बाबा! उत्कर्षाने धंद्यातली युक्ती काढली. लग्नाच्या ग्रुपफोटोत एखाद्या काकांनी डोळे मिटले, की दुसऱ्या फोटोतले त्यांचेच उघडे डोळे उचलून लावतात. इथे उघडे डोळे होतेच कुठे? त्याच खुर्चीतला, त्याच उजेडातला दुसरा चेहरा एकच होता, तिचा स्वतःचा. तिने आपले डोळे रंगरावांना लावले, कडेने सुरकुत्या ओढल्या. कोण ओळखणार आहे! सगळ्यांना द्यायची तशी एक फ्रेम तिने त्यांनाही पोचती केली.

त्या दिवसापासून तिची झोप गेली.

आधी तिने कॉफीला शिव्या घातल्या. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दुधात जायफळ उगाळून झालं. डोळे मिटायचे, झोप मात्र फिरकायची नाही. बाराव्या दिवशी स्कूटरवर तिचं भान सुटलं आणि शाळेतून घरी निघालेली एक मुलगी चाकाखाली येता येता वाचली. उत्कर्षा रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली. आज मेली असती पोर. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, तरी घरी जाऊन तिने कॉम्प्युटरवरचा तो फोटो पुसून टाकला. झोप आली नाही. आता उरली होती धायरीतली फ्रेम.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षाने तिथे गेली. खाटेवर रंगराव घोरत होते. वर भिंतीला फ्रेम होती, काच लख्ख पुसलेली.

"मावशी, तो फोटो परत द्या. दुसरा चांगला काढून देते."

"दिलेली वस्तू कुनी माघारी मागतं व्हय?"

"त्यात काकांचे डोळे नाहीत हो. चूक झाली माझी."

"म्हाईत हाय," वेणूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं बघतीया मी त्यांचे डोळे. मला शिकवतीस?"

"मला झोप नाही मावशी. तेरा दिवस. काल एक मुलगी..."

"आमाला सात वर्सं नव्हती. तवा तू आली व्हतीस फोटू काढाया."

उत्कर्षाने फ्रेमकडे हात नेला. वेणूबाई मधे आल्या.

"हात लावून बघ नुसता."

उत्कर्षाने हात खाली घेतला आणि खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. दाढीचे पांढरे खुंट, उघडं तोंड, गळ्याची सैल कातडी.

घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच होते.

"वेणू," रंगराव झोपेत म्हणाले, "केवढा म्हातारा झालो गं मी."

उत्कर्षाने डोळे गच्च मिटून घेतले.

"वेणू, लाईट गेली का गं?"

मग वेणूबाईंची खरखरीत बोटं उत्कर्षाच्या गालावरून वर आली, आणि त्यांनी तिच्या पापण्या हलकेच उघडल्या.