मंगळवारचं हृदय

काचपट्टीवरचा हृदयाचा तुकडा चार मिलिमीटरचा होता. मेलेल्या स्नायूच्या धाग्यांमध्ये टपोऱ्या, फेसाळ पेशी दाटल्या होत्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर नाम्यालोबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"ओपियो, बघ जरा."

त्यांचा मदतनीस, निवृत्त हवालदार ओपियोने डोळा लावला. "गुलाबी चिखल आहे, बाई."

समोर नब्बोसा बसली होती. तिच्या मसाका गावच्या घरी शनिवारी क्वांजुला, म्हणजे मागणीचा सोहळा, झाला. वराकडचे भेटवस्तू घेऊन आले. रविवारी सकाळी ती वडिलांना म्हणाली, लग्नाची तारीख एवढ्यात नको. आवाज चढले. वडील कोसळले. शवविच्छेदनात दिसलं, हृदयाची भिंत फुटली होती.

"माझ्या बोलण्यानं फुटली, असं घरचे म्हणतात. उद्या मातीला उभं राहू देणार नाहीत."

दुपारी दोघं तिच्याबरोबर मसाकाला पोचले. तिचा भाऊ लुले दारातच भेटला.

"मी शनिवारी गुलूहून आलो, ही शुक्रवारी कंपालाहून. हिच्या जिभेला हाड नाही. हिनंच मारलं बाबांना."

आत्याने रीतीप्रमाणे गुडघे टेकून स्वागत केलं. "दादा ठणठणीत होता. शनिवारी आठ तास बसला की."

"झोप?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारपासून खुर्चीतच. पाठ धरली होती. मी गोळ्या दिल्या."

"घरात आणखी कोण होतं?"

"कोण असणार? क्वांजुलाची सगळी तयारी माझ्याच गळ्यात."

"बिचारी," ओपियो पुटपुटला.

बाईंनी तिघांना ओसरीवर बसवलं.

"हृदयाचा भाग मेला की पांढऱ्या पेशी धावून येतात. आधी लहान. त्यांच्यामागून, दोन-तीन दिवसांनी, टपोऱ्या. त्या मेलेला स्नायू खाऊन साफ करतात. व्रण भरण्याआधी भिंत मऊ पडते, फुटू शकते. झटका रविवारचा असता तर मला टपोऱ्या पेशी दिसल्याच नसत्या. ही गर्दी पाच दिवसांची आहे."

"मंगळवार," ओपियो हळूच म्हणाला.

"पाठ दुखत नव्हती. आडवं झालं की श्वास कोंडत होता. आणि मंगळवारी घरात तुम्ही एकट्याच होतात, आत्याबाई."

आत्याची नजर ढळली नाही. "छाती धरली होती त्यानं. दवाखान्यात नेला असता तर क्वांजुला तिसऱ्यांदा मोडला असता. मी म्हटलं, दादा, शनिवारपर्यंत सोस. त्यानं सोसलं." ती नब्बोसाकडे वळली. "तुझ्यासाठी. आता रडून दाखवू नकोस."

लुलेने मान खाली घातली.

नब्बोसा रडली नाही. "आधीच्या दोन्ही वेळा मीच पुढे ढकललं होतं, आत्या. दोन वर्षं नुसत्या तारखा बदलत राहिले. मला त्याच्याशी लग्न करायचं नाही."