शेंदराचं कवच

नियंत्रण कक्षात चहा येतो न येतो तोच ‘होरा’ बोलली, आणि बोलली ती अशुभच. “चाळीस मिनिटांनी धुराड्यातून शिसं. मर्यादेच्या नऊपट.”

‘होरा’ ही कचऱ्यापासून वीज करणाऱ्या त्या कारखान्याची भाकीत-प्रणाली. क्रेनने भट्टीच्या तोंडी दिलेल्या प्रत्येक घासाचं वजन आणि आकार ताडून, कोणता विषारी धातू कधी धुरातून निघेल, हे ती आधीच सांगे. दोन वर्षांत ती एकदाच चुकली होती. लोकांना मात्र तेवढंच आठवायचं.

“कोणता घास?” पाळीप्रमुख मृदुला खराडेने विचारलं.

“निर्माल्याचा. फुलं इतकी जड नसतात.”

निर्माल्याची गाडी वेगळ्या दाराने येई. देवाच्या वस्तू क्ष-किरणांखाली कशाला, म्हणून तिला तपासणी नव्हती. तशी सूट देणाऱ्या ठरावावर मृदुलाचीही सही होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं. वारा शाळेकडे वाहत होता आणि आज तिची मुलगी इरा तिथे मैदानावर धावणार होती.

तिने गाडीवरच्या धोंडीतात्यांना बोलावलं. “तात्या, आज गाडीत काय होतं?”

“आमच्या म्हसोबानं कवच सोडलं न्हवं का सोमवारी! तीन पिढ्यांचा शेंदूर, आठ पोती भरला. नदीत सोडायला बंदी. म्हटलं, अग्नीला द्यावा.”

शेंदूर म्हणजे शिसंच की! “भट्टीची सरकती जाळी थांबवा!” मृदुला ओरडली.

घास ज्वाळेपर्यंत पोचलाच नाही. अर्ध्या गावाची वीज गेली, धुराड्यावरच्या मापकाचा आकडा जागचा हलला नाही आणि वरिष्ठांचा फोन आला. “काहीच झालं नाही, मग भट्टी बंद कशाला केलीत?” तरी तिला हायसं वाटलं.

तात्या अजून दाराशीच उभे होते. त्यांचं तोंड उतरलं होतं.

“ताई, लईच वाईट असतंय का ते?”

“धुरातून छातीत गेलं, नाहीतर हाताने पोटात गेलं, की लेकरांच्या मेंदूवर जातं, तात्या.”

“मग... त्या शेंदराच्याच पुड्या बांधल्या होत्या. काल पोरीच्या शर्यतीसाठी तुमाला दिली ती...”

सकाळी मृदुलानेच त्यातला शेंदूर इराच्या कपाळाला लावला होता आणि उरलेली पुडी डब्याच्या पिशवीत ठेवली होती, धावण्याआधी पुन्हा लाव म्हणून. तिने शाळेला फोन लावला. घंटी वाजत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात मधल्या सुट्टीची वेळ होऊन गेली होती.

डबा उघडण्याआधी इराने हात धुतले असतील का?